मानेवरचा वळ

दुपारी अडीच वाजले की बसम्माकाकूंच्या घरात खून व्हायचा.

भांडी घासून पालथी घातलेली असायची. महादेवप्पाकाका गोलाई बाजारातल्या दुकानातून येऊन, जेवून, दहा मिनिटं आडवे होऊन परत गेलेले असायचे. काकू भिंतीला पाठ लावून खाली बसायच्या, मांडीवर सूप, सुपात फोडायच्या शेंगा, समोर टीव्ही. निवेदकाचा तो भरदार आवाज सुरू झाला की गल्लीतल्या आम्ही दोघीतिघी दाराशी चपला काढून आत शिरायचो. आजची घटना कुठली, बाई कोण, कुणी मारली. बहुतेक वेळा बाईच मेलेली असायची आणि बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी मारलेली असायची. त्यामुळं 'कोण' हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत सुटायचा. तरी आम्ही तासभर हलायचो नाही.

मी मूळची भोकरची. नांदेडला मानसशास्त्र घेऊन बीए केलं, त्याचा उपयोग आजवर शेजारणींच्या स्वभावाबद्दल मनातल्या मनात मतं बनवण्यापुरताच झाला. लातूरला येऊन सोळा वर्षं झाली, त्यातली बारा वर्षं मी दुपारी त्या खोलीत बसले आहे. असल्या गोष्टी माणसं इतक्या आवडीनं का बघतात, याचं उत्तर मी पडद्यावर कमी आणि बघणाऱ्यांच्या तोंडांवर जास्त शोधलं.

कोपऱ्यावरच्या मंजुषाचा नवरा उदगीरला नोकरीला. आठवड्याचे पाच दिवस ती एकटी. कार्यक्रम संपला की घरी जाऊन ती आधी मागच्या दाराची कडी बघायची. तिच्यासाठी तो अभ्यास होता. गल्लीतलीच लुंबिनी ही दवाखान्यात नर्स, तिची दुपारची सुट्टी असली की यायची आणि रक्त बघून हसायची. "एवढं लाल कुठं असतंय ओ, हे तर वडापावाबरोबरचा सॉस हाय." दिवसभर खरं बघून आल्यावर खोटं बघायला तिला बरं वाटत असावं. मला स्वतःला आवडायचा तो शेवट. कुणीतरी सापडतं, त्याच्या हातात बेड्या पडतात, निवेदक सावध राहा म्हणतो. आपल्या आजूबाजूला असा शेवट कुठं बघायला मिळतो?

काकूंचं मात्र मला कळायचं नाही. खुनी कोण, यात त्यांना काडीचा रस नव्हता. पोलिसांची गाडी आली की त्या शेंगा फोडत राहायच्या. दोनच जागी त्यांचे हात थांबायचे. एक, डॉक्टर प्रेत तपासून काय सांगतो तिथं. तेव्हा कुणी बोललं तर "गप की गं" म्हणून डाफरायच्या. आणि दुसरं, मेलेल्या बाईच्या माहेरचं माणूस दारात येतं तिथं.

"बघ, भैन आली," त्या पुटपुटायच्या. "बघ, विचारती का ती काही."

बहीण रडायची, काही विचारायची नाही.

"न्हाई विचारली," म्हणायच्या काकू, आणि शेंग फोडायच्या.

महादेवप्पाकाका साधा माणूस. चेष्टा करायचे. "आमच्या घरी पाहुणे यायला भितेत. चहात काय घातलंय म्हणून वास घेऊन पितेत." एकदा मला म्हणाले, "तुमच्या काकूला फौजदार करा बाई. निदान पगार तरी येईल."

"तुमच्यावरच पहिली केस करते," काकू आतून म्हणाल्या. "मीठ कमी हाय म्हणून रोज जीव घेतलालाव."

अशी त्यांची थट्टा चालायची. त्यात मला कधी काही वावगं दिसलं नाही.

काकूंना मूलबाळ नाही. धाकट्या बहिणीचा मुलगा सोमेश, तोच काय तो. तेवीस वर्षांचा, एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये सुपरवायझर, दोघा मित्रांबरोबर खोली करून राहणारा. दर रविवारी सकाळी त्याची मोटारसायकल गल्लीत वाजली की काकू तवा टाकायच्या. तो चार वर्षांचा असताना आई वारली. वडिलांकडच्या आजीनं वाढवला, पुढं आजीही गेली. वडील चन्नबसप्पा निलंग्याजवळच्या गावात एकटेच शेती बघून राहायचे. बायकोमागं त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, याचं सगळ्या नात्यागोत्यात कौतुक होतं. काकूंच्या तोंडून मात्र ते कौतुक मी कधी ऐकलं नाही.

गेल्या जानेवारीतला रविवार. मी त्यांची वाटी परत द्यायला गेले होते. सोमेश जेवत होता, काकू भाकरी थापत होत्या.

"मावशी, नव्या रस्त्यात शेताचा खालचा कोपरा गेला," तो म्हणाला. "आईची समाधी त्यातच हाय. पंधरा दिवसांत काढून घ्या म्हणलेत. बाबा म्हणले, वरल्या बांधाला नेऊन ठेवू."

काकूंची थाप थांबली. "उकरणार?"

"उकरावंच लागंल की."

"कधी?"

"पुढल्या सोमवारी. स्वामींना सांगितलंय."

"मी येते."

"तू कामून? गुडघ्यानं चालता येईना तुला."

"येते म्हणले न्हाई का."

परातीतली भाकरी एका बाजूनं चिरली होती. त्यांनी ती मोडली, पुन्हा गोळा केला आणि पुन्हा थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच होते. कार्यक्रम सुरू झाला आणि काकूंनी आवाज बंद केला. चित्र चालू ठेवलं. हातवारे करणाऱ्या पोलिसांकडं बघत त्या बोलायला लागल्या, आणि मला सगळं समजायला त्यांच्या घरातली एक रीत आधी समजून घ्यावी लागली.

आमच्यात जाळतात. लिंगायतांत पुरतात, आणि बसवून पुरतात. माणूस गेलं की अंघोळ घालून, मांडी घालून भिंतीशी बसवायचं. कपाळाला, दंडाला विभूती, गळ्यात फुलं, डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग. मान पडू नये म्हणून हनुवटीखालून कापडाचा पट्टा घेऊन वर भिंतीतल्या खुंटीला बांधायचा. पूजेला बसल्यासारखं माणूस दिसतं. मातीत ठेवतात तेही तसंच, बसलेलं.

"एकोणीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "सकाळी फोन आला, शिवकन्याला रात्रीतून पोटात कळ आली, उलट्या झाल्या, दवाखान्यात न्यायच्या आधीच गेली. एसटीनं गेले मी. जाईपर्यंत अंघोळ घालून बसवलेली. तेवीस वर्षांची पोर. नवरी बसवल्यासारखी बसवली होती."

बायका रडत होत्या. पट्टा सैल झाला आणि शिवकन्याची मान पुढं पडली. कुणीतरी पट्टा सोडून पुन्हा बांधायला घेतला, तेवढ्यात काकूंना मान दिसली. हनुवटीच्या खाली, इकडून तिकडं, निळा-काळा वळ.

"तिची सासू बाजूलाच होती. माझ्याकडं बघितली आणि म्हणली, बांधल्याचा वळ हाय तो, पट्टा लई आवळला पोरांनी. मला खरं वाटलं. कामून वाटू नये? पट्टा तिथंच होता. आमच्या घरी आजोबाला बसवलं तेव्हाबी बांधलेलं मी बघितले होते." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "लोकांनी बघू नये म्हणून मी विभूतीचा गोळा घेतले आणि मानेला चोपडले. जाड. ह्या हातानं."

चार वाजेपर्यंत माती पडली होती. पोलीस नाही, डॉक्टर नाही. त्यांच्या वडिलांनी अंथरूण धरलेलं, भाऊ नाही. विचारणारं माणूस म्हणजे काकूच.

पुढं सहा-सात वर्षं काही नाही. मग घरी हा टीव्ही आला. एका दुपारी निवडत बसल्या असताना त्यातल्या डॉक्टरानं सांगितलं की जिवंतपणी गळा आवळला तर वळ काळानिळा पडतो. मेल्यावर दोरी बांधली तर कातडीला नुसता फिका दाब उमटतो, रक्त साकळत नाही. काकूंच्या हातातलं सूप कलंडलं. घरभर तूर झाली.

"त्या दिवसापासून बघलाले मी," त्या म्हणाल्या. "रोज. एक तरी डॉक्टर म्हणंल, की न्हाई, मेल्यावर बांधलं तरी काळा पडतो कधी कधी. एक तरी. बारा वर्षांत कुणी म्हणलं न्हाई गं."

गल्लीतल्या आम्ही सगळ्या जणी गुन्हेगार सापडावा म्हणून तिथं बसायचो. ही एकटी बाई गुन्हा घडलाच नव्हता असं कुणीतरी सांगावं म्हणून बसत होती.

"सोमेशला सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू त्याला? तुझ्या बापानं? का आजीनं? मी कुणाला बघितले? आणि सांगितलं तर पहिलं काय विचारंल? मावशी, तू काय केलीस, विचारंल." बंद आवाजाच्या टीव्हीवर कुणालातरी गाडीत कोंबत होते. "एकच पोरगं हाय मला. रविवारी येतंय."

मग त्यांनी आपल्या गळ्याला, हनुवटीच्या खाली, बोट लावून दाखवलं. "इथं एक नाजूक हाड असतंय. घोड्याच्या नालासारखं. गळा दाबला की मोडतंय. टीव्हीत नऊदा दाखवलंय. ते साबूत निघालं तर मी मरेपर्यंत गप बसते. मोडकं निघालं तर सांगते. तू चल माझ्यासंगं. तू शिकलेली हाय."

मी महादेवप्पाकाकांना काही सांगितलं नाही. बहिणीची हाडं हलवायची म्हणून चालल्या, एवढंच त्यांना ठाऊक. स्टँडवर सोडायला आले तेव्हा त्यांनी काकूंच्या पिशवीत बिस्किटाचा पुडा टाकला आणि उन्हात बसू नको म्हणाले.

शेतात चौघंजण खणत होते. रस्त्याचं यंत्र पलीकडच्या शेतापर्यंत येऊन थांबलं होतं. लिंगायतांचे पुजारी, जंगम स्वामी, मंत्र म्हणत उभे. बाभळीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर चन्नबसप्पा बसलेले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. वाळलेला, स्वच्छ धोतरातला, दम्यानं पन्नाशीतच म्हातारा झालेला माणूस. टीव्हीवर असल्या माणसाचं तोंड दाखवतात तेव्हा खालून उजेड टाकतात. इथं नुसतं ऊन होतं. त्यांनी काकूंना हात जोडले, "आलाव अक्का, बसा," म्हणाले, पाण्याचा तांब्या पुढं केला. काकूंनी पाणी घेतलं.

छातीइतकं खणल्यावर पोरं फावडी टाकून हातानं माती काढायला लागली. आधी हिरव्या काचेचे तुकडे आले. बांगड्या. मग लिंग. काळं, वाटोळं, जसंच्या तसं. सोमेशनं ते सदऱ्याला पुसलं आणि मुठीत धरून उभा राहिला.

काकू कुणाला न विचारता खड्ड्याच्या काठाला बसल्या, पाय खाली सोडले, आणि घसरत आत उतरल्या. गुडघ्यांचं काय झालं असेल, देव जाणे. मी वरून हात दिला तो त्यांनी घेतला नाही.

त्यांनी मातीत बोटं घातली, आणि दोन मिनिटांतच मला कळलं. त्यांनाही कळलं असावं. टीव्हीतली माणसं आडवी पुरलेली असतात. डोकं जिथल्या तिथं, मान जिथल्या तिथं, डॉक्टर चिमट्यानं हाड उचलतो. शिवकन्या बसलेली होती. मांस गेलं तशी ती आतल्या आत खाली खाली बसत गेली होती. कवटी बरगड्यांत, बरगड्या मांड्यांत, मणके सगळीकडं. एक ढीग. वर काळ्या मातीच्या भेगा, एकोणीस पावसाळे. बोटाच्या पेराएवढे तुकडे तर मूठ मूठ निघत होते. मानेचं कुठलं आणि पायाचं कुठलं, हे तिथं ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

काकू एकेक उचलून, पुसून, डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. पोरं अवघडून बाजूला झाली.

"काय हुडकलालीस मावशी?" सोमेशनं विचारलं.

काकूंनी पुढचा तुकडा उचलला.

"अक्का," खुर्चीवरून चन्नबसप्पा म्हणाले, "कामून माती चिवडलालाव? वर या. स्वामी थांबलेत."

"तिचा गळा बघलाले," काकू म्हणाल्या. मान वर केली नाही.

मग म्हातारा म्हणाला, "पट्ट्याचा वळ होता तो."

वळाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

टीव्हीवर असतं तर इथं संगीत वाजलं असतं आणि दोन शिपाई बाभळीमागून आले असते. इथं कुणाला काही कळलंच नाही. स्वामी मंत्र म्हणत होते, पोरं पाणी पीत होती. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यानं सिद्धही काही होत नाही. शिवकन्याच्या सासूनं आपल्या मुलाला सांगितलं असेल. वळ त्यानंही बघितला असेल. मी पुढं कितीतरी दिवस ते वाक्य उलटंपालटं करून बघितलं, वकिलासमोर ते टिकलं नसतं.

पण सोमेशनं बापाकडं बघितलं, मग मावशीकडं. "कसला वळ?"

काकूंनी हातातला तुकडा कापडावर ठेवला. हाड सापडलं नव्हतं. साबूत नाही, मोडकंही नाही. आता तिथं बोलायला त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

त्या खड्ड्यातच, मातीत बसून, त्यांनी सांगितलं. सासू काय म्हणाली ते, टीव्हीतला डॉक्टर काय म्हणाला ते. कुणी केलं हे माहीत नाही, हे दोनदा सांगितलं. आणि विभूतीचं सांगितलं. "मी झाकले," म्हणाल्या. "मला दिसलं आणि मी झाकले."

चन्नबसप्पांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ चालली. कुणी पाणी दिलं नाही, तांब्या त्यांच्या पायाशीच होता. खोकला थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, "एवढ्या वर्षांनी?" ते वाक्य निर्दोष माणसाचं होतं की दुसऱ्या कुणाचं, मला सांगता येत नाही.

सोमेशनं कापडाची गाठ मारली. वरल्या बांधाला नवा खड्डा तयार होता. तो तिकडं गेलाच नाही. गाठोडं पोटाशी धरून मोटारसायकलकडं निघाला. बाप मागून म्हणाला, "बाईमाणूस नवऱ्याच्या शेतातच राहतंय रे, सोमेश. रीत हाय." सोमेशनं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लातुरात समाजाच्या स्मशानभूमीत जागा मागायला आम्ही गेलो. सोमेश, काकू, काका आणि मी. काकांना रात्री सगळं कळलं होतं. ते काकूंची पिशवी स्वतः धरून चालत होते. ऑफिसातल्या माणसानं रजिस्टर काढलं. नाव, गाव, वय. मयताची तारीख ऐकून त्यानं चष्म्यावरून बघितलं, पण लिहिली.

"कारण?"

"रिकामं ठेवा," सोमेश म्हणाला.

"रिकामं चालत नाही. ऑडिट असतंय. काहीतरी सांगा, ताप, अटॅक, काहीही."

"मावशी सांगंल ते लिहा."

काकू टेबलाला धरून उभ्या होत्या. "गळा दाबून," त्या म्हणाल्या.

पेन थांबलं. "पोलिसाचा कागद हाय का?"

"न्हाई."

"मग असं नाही लिहिता येत बाई. मी नोकरीचा माणूस." तो वाईट नव्हता. त्यानं काकांकडं बघितलं, आणि रकान्यात 'अज्ञात' लिहिलं. सोमेशनं सही केली.

शिवकन्याला भिंतीकडेच्या जागेत ठेवलं. लिंग सोमेशनं स्वतःच्या हातानं वर ठेवलं, माती लोटली. पोलिसांत जायचं का, हे काकांनी विचारलं. तो "बघू" म्हणाला. वकिलाला विचारतो म्हणाला. त्याच्या आवाजावरून मला वाटलं, जाणार नाही. एक मेलेली आजी, एक दमेकरी बाप आणि एक गाठोडं, एवढ्यावर कोण लिहून घेणार.

फाटकाबाहेर काका रिक्षा बघायला पुढं गेले. सोमेशनं मोटारसायकल स्टँडवरून काढली, पण चालू केली नाही.

"मावशी," तो म्हणाला, "तू तवाच बोलली असतीस तर मी कुणाकडं वाढलो असतो?"

काकूंनी त्याच्याकडं बघितलं. ह्या प्रश्नाचा डॉक्टर टीव्हीवर कधी आला नव्हता. पण उत्तर त्यांच्याकडं होतं. बारा वर्षं होतं, आणि मला वाटतं त्या सगळ्यात जड तेच होतं.

"माझ्याकडं," त्या म्हणाल्या.

त्यानं मान हलवली, हळूच, हिशेब जुळल्यासारखी. किक मारली आणि गेला. त्या रविवारी काकूंनी दहा वाजता तवा टाकला. मी माझ्या दारातून बघत होते. साडेअकराला त्यांनी भाकरी काकांना वाढल्या.